वाघदेवामागचा डबा

॥ श्री ॥

वाशिंद,
२० जानेवारी २००४

ती. सौ. रेश्माताईस,
धाकट्या भावाचा शि. सा. न. वि. वि.

तुझा तिळगूळ पोचला. गूळ हात सोडून घातलेला, तीळ मात्र मोजून. म्हणजे तू आहेस तशीच आहेस, आनंद वाटला. तुझ्या आदेशने पाकिटावर काढलेला बैलही आवडला, फक्त त्याला शिंगांऐवजी कान चार आलेत.

आता एक बातमी सांगतो, लगेच कपाळाला हात लावू नकोस. माझा उजवा पाय मोडला आहे. माहुली किल्ल्याच्या पायथ्याशी दगडावरून घसरलो. प्लास्टर गुढीपाडव्यापर्यंत राहील असं डॉक्टर म्हणतात. वनिता म्हणते, बरं झालं, निदान नवरा दोन महिने घरात दिसेल. बायकोची ही माया.

दगडावर कशाला चढला होतास, असं विचारशील, म्हणून आधीच सांगतो. मोबाईलचे टॉवर कुठे उभारायचे ते बघायला कंपनी मला डोंगरोडोंगर फिरवते, हे तुला माहीत आहे. त्या कामासाठी मुठीत मावेल असं एक मशीन दिलंय. ते वरच्या उपग्रहांना विचारून आपण कुठे उभे आहोत त्याचे आकडे सांगतं. एखाद्या जागेचे आकडे आत भरले, की बाण दाखवत तिथे घेऊन जातं. आमच्या साहेबांनी सांगितलं की याचा जगभर खेळ चालतो. एकाने डबा लपवायचा, आकडे इंटरनेटवर टाकायचे, दुसऱ्याने शोधायचा. सापडला की आतली एक वस्तू घ्यायची, आपली एक ठेवायची, आणि डबा होता तिथे परत.

मी हे सहज घरी बोललो आणि आमच्या समीक्षाने जे डोक्यात घेतलं, ते घेतलं. आता आमचा रविवार म्हणजे डबा. ती नऊ वर्षांची, पण डोंगरात माझ्यापुढे चालते. दाट झाडीत मशीनला आकाश दिसत नाही, बाण वेड्यासारखा फिरतो. मी चिडतो, आणि ही मला खाली बसवते, पाणी देते, थांबा म्हणते. डबा कोणाला दिसू नये म्हणून त्याला काळा रंग देणं हे तिचं खातं. तानसाच्या बाजूला ठेवलेला आमचा डबा पुण्याच्या कोणा अनोळखी माणसाने शोधला आणि त्यात पितळी घंटा ठेवून गेला. कधी न पाहिलेल्या माणसाने आपल्यासाठी एवढी वाट तुडवली, याचं तिला इतकं अप्रूप वाटलं की आठवडाभर ती घंटा गळ्यात घालून शाळेत गेली. खरं सांगतो ताई, बाप म्हणून माझं जे काही बरं चाललंय ते या रविवारांत चाललंय.

दिवाळीत तुझ्याकडे आलो होतो तेव्हा आम्ही दोघं भल्या सकाळी कुठे नाहीसे झालो होतो, ते आता विचारू नकोस. मे महिन्यात आदेशच्या हातात मशीन देऊ, मग कळेल. तोवर समीक्षाने माझ्याकडून शपथ घेतली आहे.

तुमच्याकडे टॉवर यायला अजून दोन वर्षं आहेत, तेव्हा पत्रच लिही. दाजींना आणि तुझ्या सासऱ्यांना नमस्कार. आमच्यावर रागावत जा, पण विसरू नकोस.

तुझा,
संदेश


॥ श्री ॥

ता. मुरबाड,
१७ फेब्रुवारी २००४

चि. संदेश यास रेश्माताईचे अनेक आशीर्वाद.

पाय कसा आहे? वनिताला सांग, त्याला घरात ठेवायचं तर दुसराही बांधून ठेव. गंमत करते आहे खरी, पण मन थाऱ्यावर नाही.

आदेशला महिनाभर ताप येत-जात होता. मुरबाडच्या डॉक्टरांनी हिवतापाच्या गोळ्या दिल्या, त्या मी नेमाने दिल्या. त्यातच गेल्या आठवड्यात चंदरभावोजी भाताच्या राबात जाळायला पातेरा, वाळका पाला, गोळा करायला शिवेवर गेले. तिथे आमचा वाघदेव आहे, शेंदूर लावलेला उभा दगड, तू पाहिलाच आहेस. त्याच्या मागच्या कपारीत त्यांना एक डबा सापडला. काळा रंग दिलेला, तारेने बांधलेला. उघडला तर आत आदेशचा शाळेतला फोटो, लाल रिबिनीत गुंडाळलेला. बरोबर काचेची बांगडी, गोट्या, एक शिट्टी आणि नुसते आकडे लिहिलेली चिठ्ठी.

भावोजी तसेच धावत घरी आले. अंगात येतं त्या धाकलू भगताला बोलावलं. त्याने चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली आणि हे आकडे म्हणजे पोराचे दिवस बांधलेत असं सांगितलं. डबा उघडला त्याच्या दुसऱ्याच दिवशी आदेशचा ताप उतरला. मी गोळ्यांचं बोलले, पण कोण ऐकतो. लग्नानंतर सात वर्षांनी झालेलं पोर, घरातला एकच दिवा, त्याच्यावर करणी झाली हे घरात सगळ्यांना पटलं.

नाव भिमीचं आलं. ती वर वाडीत राहते, एकटीच आहे. वाघदेवाला दर आठवड्याला फूल वाहते, म्हणून तिथे तिचीच ये-जा. माझं बाळंतपण तिनेच केलं होतं, एसटी बंद होती त्या दिवशी. बाजाराला जाताना आमच्या दारात टोपली उतरवून आधी आदेशला उचलते, मग पाणी मागते. आता गावात लोक तिला भुताळी म्हणू लागलेत. काल कोणीतरी तिच्या झोपडीवर दगड टाकले. मंगळवारी, दोन मार्चला, गावकी बसणार आहे. शिमग्याच्या आधी तिला शिवेबाहेर घालवायची असं बोलणं चाललंय.

तुला एवढंच सांगायचं की तू यंदा मे महिन्यात येऊ नकोस. पायाला दगदग नको. आणि पत्रात त्या तुझ्या खेळाचं काही लिहू नकोस, इथे पत्रं चार हातांतून येतात. समीक्षाचे केस वाढले का? तिला माझा गोड पापा. लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
रेश्माताई


॥ श्री ॥

वाशिंद,
२१ फेब्रुवारी २००४

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आत्ताच वाचलं. ताई, तो डबा आमचा आहे. दिवाळीत मी आणि समीक्षाने ठेवलेला. काळा रंग तिने दिला, तार मी बांधली. आकडे म्हणजे त्या जागेचे आकडे, बाकी काही नाही. खजिना ज्याचा, त्याला झाकण उघडताच स्वतःचा चेहरा दिसावा, ही तिची कल्पना. म्हणून तिने आदेशचा फोटो तुझ्या भिंतीवरच्या आरशाच्या कडेचा काढून घेतला, आणि तो चुरगळू नये म्हणून रिबिनीत गुंडाळला.

जागा मी निवडली, मूर्खपणा माझा. देवाच्या मागे ठेवलं तर चोर हात लावणार नाही, एवढाच विचार केला. तिथे सापडलेल्या वस्तूला लोक काय समजतील हे माझ्या शहाण्या डोक्यात आलं नाही. मी याच मातीतला, मला कळायला हवं होतं.

तू आजच्या आज मामंजींना सांग. हे पत्र त्यांना वाचून दाखव. एका बाईच्या झोपडीवर दगड पडतायत, आणि ते आमच्या खेळामुळे. मी स्वतः आलो असतो, पण प्लास्टर मांडीपर्यंत आहे, मोरीपर्यंत जायलाही वनिताचा खांदा लागतो.

समीक्षाला सांगितलेलं नाही. पण तिने माझा चेहरा पाहिलाय, आणि ती माझी मुलगी आहे. उत्तर कल्याणला जाणाऱ्या कोणाच्या हाती दे, पोस्टाची वाट बघू नकोस.

तुझा,
संदेश


॥ श्री ॥

ता. मुरबाड,
२५ फेब्रुवारी २००४

चि. संदेश यास आशीर्वाद.

तुझं पत्र मी चुलीत घातलं. वाचून झाल्या झाल्या, राख होईपर्यंत तिथेच बसले.

मला माहीत होतं रे. भावोजींनी डबा ओट्यावर उपडा केला तेव्हाच मी ती रिबीन ओळखली. दिवाळीत समीक्षाच्या वेण्या मीच घातल्या होत्या त्या रिबिनीने. आरशाच्या कडेचा फोटो गेलाय हेही मला ठाऊक होतं. तुझं जानेवारीचं पत्र फडताळात होतं. सगळं समोर होतं, आणि मी तोंड उघडलं नाही.

तू म्हणतोस, सांग. काय सांगू? माझ्या माहेरच्या माणसांनी या घरच्या एकुलत्या एका मुलाचा फोटो काळ्या डब्यात घालून वाघदेवामागे ठेवला, असं? सात वर्षं मूल नव्हतं तेव्हा मी या घरात काय काय ऐकलंय ते तुला कधी लिहिलं नाही. आदेश झाला तेव्हा कुठे मला पाटावर बसायला जागा मिळाली. भिमीवरचं बोट काढलं तर ते माझ्याकडेच वळणार. तुम्ही सगळे लांब आहात. राहायचं मला आहे.

कालच भिमी पाणवठ्यावर दिसली. बायका हंडे उचलून बाजूला झाल्या. तिने माझ्याकडे पाहिलं. मीपण हंडा उचलला.

हे कामावरून रात्री येतात, दमलेले असतात. त्यांना म्हटलं, भिमीने असं केलं असेल असं मला वाटत नाही. ते म्हणाले, भाऊ आणि म्हातारा ठरवतील ते खरं.

मंगळवारी गावकी बसेल आणि ती जाईल. तिचा भाऊ तानसाकडे आहे, तो ठेवून घेईल असं मी मनाला समजावते. तू गप्प राहा. मोठी बहीण म्हणून सांगते, मला यातून मोकळं राहू दे. माया कमी करायची असली तर कर.

रेश्मा


॥ श्री ॥

वाशिंद,
२८ फेब्रुवारी २००४

ताई,

तुला मोकळं राहता येणार नाही, ते तुझ्या पत्रातच दिसतंय. हंडा उचलल्याचं तू मला लिहिलंस. न लिहिता राहिली असतीस तर मी घाबरलो असतो.

मी रागावलेलो नाही. तुझी भीती खोटी आहे असंही म्हणत नाही. पण तिला दगड खाऊ द्यायचे आणि आपण माहेर झाकून ठेवायचं, हे आपल्या आईने आपल्याला शिकवलेलं नाही.

समीक्षाने तुझं पत्र वाचलं. मी उशीखाली ठेवलं होतं, तिने ते आकड्यांशिवायच शोधलं. दोन वेळा जेवली नाही. मग म्हणाली, डबा मी रंगवला, तर सांगायला मीच जाणार. वनिता तिला घेऊन मंगळवारी पहिल्या गाडीने निघेल, कल्याणहून मुरबाडची एसटी, पुढे जीप. मशीन बरोबर देतो आहे. तुला काही बोलायचं नसेल तर बोलू नकोस, फक्त तिला गावकीपुढे उभी राहू दे. तिला सांभाळ, माझा सगळा जीव तिच्यात आहे, आणि मी इथे खाटेला बांधलेला.

संदेश

(खाली समीक्षाचं.)

प्रिय आत्या, सा. न. मला तुझा राग आलेला नाही, थोडा आला होता. बाबांनी मला सगळी बटणं पुन्हा शिकवली. मी भिमीआजीला ओळखते, तिने मला दिवाळीत आवळे दिले होते. आम्ही डबा ठेवायला चाललो होतो तेव्हा तिनेच वाट दाखवली. तिने विचारलं पण नाही, डब्यात काय आहे. आदेशला सांग, मशीनला हात लावायचा नंबर त्याचा दुसरा. तुझी समीक्षा.


॥ श्री ॥

ता. मुरबाड,
९ मार्च २००४

चि. संदेश यास अनेक आशीर्वाद.

वनिता आणि समीक्षा सुखरूप पोचल्याचं कळलं. तुझ्या लेकीने तुला सगळं सांगितलंच असेल, पण ती स्वतःचं कमी सांगते, म्हणून मी लिहिते.

मारुतीच्या देवळापुढे सगळा गाव जमला होता. वनिता हात धरून उभी होती, पण समीक्षाने हात सोडवला आणि मधे गेली. डबा आमचा आहे, आमचा खेळ आहे, भिमीआजीचा काही संबंध नाही, असं सरळ सांगितलं आणि मशीन दाखवलं. धाकलू भगत लगेच म्हणाला, लपवलेली वस्तू दाखवणारं यंत्र म्हणजे हीच मोठी करणी, हे तर माझ्यापेक्षा मोठ्या भगताचं काम. लोकांत कुजबुज झाली. दोन बायकांनी पोरं मागे ओढली. मला वाटलं, आता पोरीवरच उलटतं.

ती जरा गोंधळली. मग तिने मशीनचं मागचं झाकण काढलं आणि आतले सेल धाकलूच्या हातात दिले. म्हणाली, याला अंगात यावं लागत नाही काका, दोन सेल घातले की चालतं. कोणालाही चालतं. चार माणसं हसली.

मग सेल परत घालून तिने मशीन भावोजींच्याच हातात दिलं आणि सांगितलं की डबा तुम्ही लपवा, कुठेही, आणि तिथे उभं राहून हे एक बटण दाबून या. स्वतः देवळाच्या भिंतीकडे तोंड करून राहिली. भावोजी परत आले तेव्हा सगळ्यांना वाटलं आता ही शोधायला निघेल. तिने मशीन मामंजींच्या हातात दिलं. आजोबा, तुम्ही जा, म्हणाली.

संदेश, तो म्हातारा माणूस हातात मशीन धरून निघाला आणि मागे सगळा गाव. आंब्याखाली बाण फिरायला लागला तसे ते भांबावले, यंत्रात खोट आहे म्हणाले. ती त्यांच्या शेजारी जाऊन बसली, त्यांनाही बसवलं. बाबाही असेच चिडतात, थोडं थांबायचं, असं अगदी मोठ्या बाईसारखं सांगत होती. तू शिकवलेलं सगळं मला त्या क्षणी दिसलं. पोरीला तू नुसते डबे शोधायला शिकवलेलं नाहीस. पुढे बाण सरळ झाला आणि मामंजींनी मळ्यातल्या पेंढ्याच्या उडवीत हात घालून डबा बाहेर काढला. लहान पोरासारखे हसले. एवढ्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

पण भावोजी हसले नाहीत. ते म्हणाले, खेळ असेल, पण आमच्या पोराचा फोटो देवामागे ठेवला कोणी? या पोरीला बापाने पढवलं असेल, भिमीने सांगितलं असेल, कोणाला ठाऊक. घरातलं कोणी ओळखतं का हा डबा, ते सांगा.

समीक्षाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे बघायचं नाही असं ती ठरवून आली होती, हे मला कळलं, आणि मग मला थांबता आलं नाही. मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पुढे झाले. सांगितलं की डबा माझ्या माहेरचा आहे, रिबीन मी पहिल्या दिवशीच ओळखली, भावाचं पत्रही आलं होतं, ते मी जाळलं, आणि भिमीला दगड पडत असताना मी घरात बसून होते.

भावोजी ओरडले, म्हणाले, बघा, म्हणजे सुनेच्याच घरून आलं. हे मान खाली घालून उभे होते. मला वाटलं, संपलं. मामंजी बराच वेळ डबा हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, सून खोटा बोलत नाय. पाप असता तं गप बसली असती, गप बसनं तिला सोपा व्हता. आणि गावकीला सांगितलं की भिमीचं नाव कोणी घ्यायचं नाही. वाघदेवाची जागा बाटवल्याबद्दल आमच्या घरून नारळ द्यायचा, बस्स.

भावोजी अजून माझ्या हातचं पाणी घेत नाहीत. घेतील कधीतरी. नाही घेतलं तर तहान त्यांची. मामंजी मात्र रोज विचारतात की पोरगी ते यंत्र घेऊन परत कधी येणार, त्यांना तंबाखूची डबी लपवून बघायची आहे. आदेश ठणठणीत आहे. मे महिन्यात तुम्ही सगळे या. डबा नवीन करा, पण रंग हिरवा द्या.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. गावकी उठल्यावर मी समीक्षाला घेऊन वाडीवर गेले. भिमीने बोचकं बांधून ठेवलं होतं. समीक्षाने तिला सगळं सांगितलं, चूक आमची होती म्हणाली, पाया पडली. भिमीने तिला जवळ घेतलं, पोटाशी धरलं. माझ्याकडे वळून म्हणाली, तुजा पोर मीच काडला ना गो, मंग तुला तरी कसा वाटला, मी असा करीन? मी म्हटलं, मला वाटलंच नव्हतं भिमी, मला पहिल्यापासून माहीत होतं. ती म्हणाली, मंग तं त्या आजूनच वायीट.

तिने बोचकं सोडलं, ती गेली नाही. चार दिवसांपूर्वी बाजाराला जाताना आमच्या दारात थांबलीही. पाणी प्यायली, पायाची चौकशी केली तुझ्या. आदेश धावत जाऊन तिच्या लुगड्याला बिलगला. तिने त्याला न शिवता दोन्ही हात वर धरले, मला हाक मारली, आणि म्हणाली, आदी तुजा पोर घे गो.

मी घेतलं. तेव्हापासून रोज वर वाडीत तिच्याकडे जाते आहे. पाठीशी राहा.

तुझी,
रेश्माताई